ओटीपी मालकाच्या खिशात
लेखमाला ‘मालकाविना चालणारा धंदा’ : भाग ५

समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एक फौंड्री आहे. संध्याकाळचे सहा वाजलेत. कास्टिंग भरून ट्रक गेटवर उभा आहे, माल पुण्याला जायचाय. मालकांना दुपारीच छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलंय. त्यांचा मोबाइल शर्टाच्या खिशात, शर्ट पिशवीत आणि पिशवी वहिनींकडे. ऑफिसातला पोरगा वहिनींना फोन लावतो आणि चाचरत विचारतो, “वहिनी, मालक कसे हाईत? आणि... तेवढा ओटीपी आलाय काय बघा की.”

पोरगा निर्दय नाही. राज्याबाहेर जाणारा ५० हजारांवरचा आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जाणारा १ लाखावरचा माल साधारणपणे ई-वे बिलाशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. त्या पोर्टलवर आता लॉगिनला ओटीपी लागतो, आणि नोंदवलेला नंबर एकच, मालकांचा.

मागच्या चार भागांत आपण मालकाच्या डोक्यातल्या गोष्टी, म्हणजे दर, उधारी, गिऱ्हाइकांच्या खोडी, वहीत उतरवल्या. या भागात अधिकारांकडे वळू. हा विषय काढला की बहुतेक मालकांचं एकच उत्तर येतं : विश्वासाची माणसं मिळत नाहीत हो. मला हे पटत नाही. याच मालकांच्या ड्रॉवरमध्ये सही केलेले दोन-तीन कोरे चेक सापडतात. जीएसटीचा पासवर्ड अख्ख्या ऑफिसला पाठ असतो. डिजिटल सहीचा डोंगल सीएंच्या कपाटात पडून असतो. खरं तर आपली डिजिटल सही आपल्याच ताब्यात राहील याची काळजी घेणं हे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं सही करणाऱ्यावरच टाकलंय. म्हणजे विश्वास भरपूर टाकलेला असतो. कुणी किती रकमेपर्यंत काय करायचं, ती हद्दच कुठे लिहिलेली नसते. आणि हद्द नाही म्हणून प्रत्येक गोष्ट पुन्हा मालकापाशी येते.

ट्रकचं कोडं सोडवायला खरं तर फार वेळ लागत नाही. ई-वे बिलाच्या पोर्टलवर मुख्य नोंदणीखाली उपवापरकर्ते तयार करता येतात. डिस्पॅचवाल्याला त्याचा वेगळा लॉगिन आणि त्याच्याच मोबाइलवर ओटीपी. बिल कुणी काढलं हेही कळतं, जे सगळे एकच पासवर्ड वापरत असताना कधीच कळत नव्हतं. बँकेतही तसंच : कंपन्यांसाठीच्या नेट बँकिंगमध्ये एकानं रक्कम भरायची आणि दुसऱ्यानं मंजूर करायची, अशी सोय मागून घ्या.

काही जण म्हणतात, आम्ही मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय, आता चिंता नाही. चिंता आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार मुखत्याराचा अधिकार मूळ मालकाच्या मृत्यूबरोबर संपतो. नेमकी ज्या दिवशी गरज पडते, त्या दिवसापासून तो कागद निकामी. प्रोप्रायटरी धंदा असेल तर निदान चालू खात्याला नॉमिनी तरी लावा. हे अनेकांच्या गावीही नसतं. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, ते वारसांच्या वतीनं; धंदा मात्र त्याच्या नावावर होत नाही.

आता हद्दीचा कागद. तो एका पानाचाच हवा. फोरमननं किती रुपयांपर्यंतचं सामान न विचारता आणायचं, मार्केटिंगवाल्यानं दरात किती टक्के सूट द्यायची, उधारी किती दिवसांच्या पुढे गेली की माल थांबवायचा आणि तो कुणी थांबवायचा. आकडे तुमच्या धंद्याचे घाला. मी सुचवलेला आकडा तुमच्या भट्टीला लागू पडेलच असं नाही.

पान लिहायला एक दुपार पुरते. ते पाळताना मात्र मालकाचा कस लागतो. तीन टक्के सूट द्यायची मुभा आहे, मार्केटिंगवाल्यानं तीन दिली, आणि तुमच्या मते दीड टक्क्यातही ऑर्डर मिळाली असती. गिऱ्हाइकासमोरच तुम्ही म्हणालात, “अहो, मला विचारायचं तरी!” संपलं. उद्यापासून तो प्रत्येक गोष्ट विचारेल, त्याच्यासोबत बाकीचेही विचारतील, आणि आपल्यावाचून पान हलत नाही असं तुम्ही लग्नसमारंभात चारचौघांना सांगाल. (त्यात थोडं सुखही असतं, नाकारू नका.) दीड टक्का गेला तर जाऊ द्या. महिनाअखेरीला आकडे समोर ठेवून, दार लावून बोला. हद्द चुकीची वाटली तर हद्द बदला, पण दिलेला शब्द फिरवू नका.

भागीदारीत गाठ आणखी वेगळी आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ४२ सांगतं की करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूनं फर्मच विसर्जित होते. पुढच्या आठवड्यात तिथूनच सुरुवात करू. तोवर आपलं भागीदारीपत्र कपाटातून काढून एकदा वाचून ठेवा, आणि त्या कपाटाची किल्ली कुणाकुणाकडे आहे तेही बघा.