पासवर्ड आहे, पण फाइली उघड्याच

आधार, पॅन, प्राप्तिकराची विवरणपत्रं, घराचं खरेदीखत, बँकेची स्टेटमेंट्स: घरच्या कॉम्प्युटरवर आज काय नसतं? आणि कॉम्प्युटर सुरू करताना पासवर्ड विचारतो, म्हणजे हे सगळं सुरक्षित आहे, असं आपण धरून चालतो. सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच.

तो पासवर्ड विंडोजमध्ये शिरण्यापुरता असतो. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की फोल्डर सरळ वाचता येतात. बंद पडलेल्या लॅपटॉपमधला डेटा दुरुस्तीवाले बऱ्याचदा असाच काढून देतात, आणि चोरालाही ही वाट मोकळी असते. फोल्डर 'हिडन' केल्याने काहीच साधत नाही. सेटिंग बदललं की तो दिसतो. खरं संरक्षण एन्क्रिप्शनचं. त्यात डिस्कवरचा मजकूरच असा बदलला जातो, की किल्लीशिवाय तो वाचता येत नाही. विंडोज प्रोमध्ये त्यासाठी बिटलॉकर आहे, होम आवृत्तीच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', मॅकवर फाइलव्हॉल्ट. यातलं काहीच नसेल तर व्हेराक्रिप्ट मोफत मिळतं. बिटलॉकरची रिकव्हरी की 48 आकडी असते. ती कागदावर उतरवून कपाटात ठेवा. हरवली तर मायक्रोसॉफ्ट नवी बनवून देत नाही.

'पण आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो की!' असतो, पण कसला? नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. 1962 साली जन्मलेल्या सुनीताबाईंचा पासवर्ड एस-यू-एन-आय-1962. त्यांचं वय ठाऊक असलेला कोणीही तो ओळखेल. फाइल कुणाला पाठवायचीच असेल, तर शेवटचे चारच आकडे दाखवणारं 'मास्क्ड आधार' पाठवा.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलावा, हा सल्लाही जुना झाला. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेसाठी बिल बर यांनी 2003 मध्ये पासवर्डची मार्गदर्शक सूचना लिहिली. सक्तीने ठरावीक काळाने बदलण्याची प्रथा त्यातून आणखी पसरली. 2017 मध्ये संस्थेने ती सोडून दिली आणि बर यांनीही जाहीरपणे खंत व्यक्त केली. कारण सक्ती झाली की माणसं शेवटचा 1 काढून 2 लावतात. पासवर्ड लांब हवा आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा हवा, कारण एका संकेतस्थळावरून चोरलेला पासवर्ड चोर बाकी सगळीकडे लावून पाहतात. ईमेलला तर दुहेरी पडताळणी हवीच. इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक तिथेच येतात.

इतके पासवर्ड लक्षात कसे राहणार? बिटवॉर्डन किंवा कीपाससारखा पासवर्ड मॅनेजर वापरा. ते जमत नसेल तर खुशाल डायरीत लिहा आणि ती कुलपात ठेवा. 'कागदावर लिहू नये' हा नियम ऑफिसातल्या टेबलासाठी ठीक आहे. घरच्या कपाटापर्यंत इंटरनेटवरचा चोर पोचत नाही. डेस्कटॉपवरच्या 'पासवर्ड' नावाच्या एक्सेल फाइलपर्यंत मात्र क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून आलेला व्हायरस सहज पोचतो.

आणि रिसायकल बिन रिकामं केलं म्हणजे फाइल पुसली गेली, असं नाही. हार्ड डिस्कवर तिच्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती परत काढता येते. म्हणून जुना कॉम्प्युटर विकण्याआधी विंडोजच्या रीसेटमधला 'क्लीन डेटा' हा पर्याय वापरा. कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर आधी डिस्क काढून घ्या, मगच भंगारवाल्याला द्या.