डिसेक्शन हॉलमधला तिसरा आठवडा

सकाळी पावणेआठ. हॉलच्या शिपाईमामांनी एक्झॉस्ट पंखे चालू केलेत, खिडक्या सताड उघडल्यात. काल जिथवर काम झालं तो भाग ओल्या कपड्यात गुंडाळून ठेवलेला असतो, नाहीतर स्नायू वाळून कडक होतात. मी टेबलांवरून एक चक्कर मारते. कुठल्या बॅचने चरबी नीट साफ केली आणि कुणी घाईत नसच कापून टाकली, ते तेवढ्यात कळतं.

आठ ते नऊ लेक्चर. काखेतल्या नसांचं जाळं, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, फळ्यावर काढलं. मुलांनी उतरवून घेतलं. बास.

नऊला मुलं हॉलमध्ये येतात. मेडिकलच्या पहिल्या दिवसाच्या गोष्टी सगळे सांगतात: कोण चक्कर येऊन पडलं, कोण रडलं. मला त्या दिवसाची फारशी काळजी वाटत नाही. घाबरलेलं मूल जपून वागतं. पडणारी बहुतेक उपाशीपोटी आलेली असतात, त्यांना बाहेर बसवून बिस्किटं दिली की भागतं. माझं लक्ष असतं ते तिसऱ्या आठवड्यावर. तेव्हा भीती गेलेली असते, आणि तिच्या जागी काय येतं ते अजून ठरलेलं नसतं.

आज तीन नंबरच्या टेबलावर एकाने जर्नल सरळ बॉडीच्या छातीवर ठेवलं होतं. "उचल ते," एवढंच म्हटलं. तो ओशाळला. त्याच्या मनात अनादर नव्हता. त्याला तिथे माणूस दिसायचा थांबला होता, इतकंच. काही प्रमाणात तसं व्हावंच लागतं, नाहीतर हातात स्कॅल्पेल धरवणार नाही. पण पुरतं तसं झालं, की हाच मुलगा उद्या वॉर्डात पेशंटला 'बेड नंबर सात' म्हणणार.

प्रत्येक टेबलावर माणसं ठरलेली असतात. एकजण हत्यारं सोडत नाही. एकजण दोन हात लांब उभं राहून कनिंगहॅमचं मॅन्युअल मोठ्याने वाचतो. एकजण ग्लोव्ह्ज घालून कशालाच हात लावत नाही. आणि एकाचं मत असतं की हे सगळं थ्रीडी ॲपवर जास्त स्पष्ट दिसतं. दिसतंच. ॲपमध्ये धमनी लाल, शीर निळी, नस पिवळी. टेबलावर सगळं एकाच मळक्या रंगाचं, बोटाने चाचपून ओळखावं लागतं. आज त्याच मुलाच्या टेबलावर मस्क्युलोक्युटेनियसची एक फांदी मीडियन नर्व्हला जाऊन मिळालेली निघाली.

"मॅडम, हे चुकलंय. चौरसियात असं नाही."

"मग चुकलं कोण? पुस्तक की हा माणूस?"

ॲप बंद करून तो पुढचा अर्धा तास वाकून ती फांदी सोडवत होता.

पाच नंबरवर दंडाचं काम करताना हातावरचा कपडा सरकला. मनगटाच्या वर तुळशी वृंदावनाचं जुनं गोंदण. एक मुलगा थबकला. "माझ्या आजीच्या हातावर सेम आहे," म्हणाला आणि बाहेर गेला. मी थांबवलं नाही. दहा मिनिटांनी तोंड धुऊन आला आणि फोर्सेप्स उचलला. मुलांना पोट-छाती जड जात नाही. हात आणि चेहरा जड जातो.

अकराला कॅन्टीन. फॉर्मॅलिनने डोळे झोंबतात, नाक चोंदतं, आणि भूकही लागते अशी मुलांची पक्की खात्री. पहिल्या आठवड्यात मटण सोडलेली मंडळी आता हाताला वास असताना अंडाभुर्जी खातात.

दुपारी दोनला चर्चेचा तास. २०१९च्या अभ्यासक्रमात 'कॅडॅव्हर हा आपला पहिला शिक्षक' असं एक मॉड्यूलच आहे. डिसेक्शनच्या सुरुवातीला घेतलेल्या शपथेवर बोलायचं होतं. एक मुलगी उठली. "मॅडम, आपण म्हणतो, 'ज्यांनी देह दिला त्यांचे आभार.' पण चार नंबरचे बेवारस होते ना? त्यांनी कुठे दिला? आपण घेतला."

बरोबर बोलली. १९४९च्या ॲनॉटॉमी ॲक्टने बेवारस मृतदेह कॉलेजांना मिळू लागले, आणि डॉक्टरांच्या कितीतरी पिढ्या त्यांच्यावर शिकल्या. १८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केलं, ते धाडस आपण अजून सांगतो. त्या टेबलावर कोण होतं, हे कुणी विचारत नाही. शपथेत काय बदलायचं ते मुलांनाच लिहून आणायला सांगितलंय. चांगलं असेल तर पुढच्या बॅचला तेच देईन.

चारला एक वयस्क जोडपं देहदानाचा फॉर्म घ्यायला आलं. काका निवृत्त शिक्षक. नेत्रदान आधी करता येतं का, पोस्टमॉर्टेम झालं तर घेता का, सगळं नीट विचारून झालं. मग जरा घुटमळले. "मुलं थट्टा करत असतील का हो?"

"हसतात काका, आपापसात. तुमच्यावर कुणी हसलं तर मी आहे."

"हसू देत," काकू म्हणाल्या. "यांना वर्गाची सवय आहे."

वारसाच्या सहीपाशी गाडी अडली. मुलगा नाशिकला असतो आणि तो तयार नाही, हे काकांनी तेव्हा सांगितलं. ऐनवेळी घरचे नाही म्हणाले तर या कागदाच्या जोरावर आम्ही कुणाला अडवत नाही. म्हणून फॉर्म कोराच त्यांच्याकडे दिला आणि आधी मुलाशी बोलायला सांगितलं. तो हो-नाही करत असेल तर त्याला घेऊन या, मी बोलते, असंही म्हटलं.