जुन्या ट्रॅक्टरच्या मागील पेटींतील तेल

ज्या शेतकरीबंधूंच्या दारचा जुना ट्रॅक्टर अद्याप नांगरटीस जातो, त्यांची एक तक्रार वारंवार कानीं येते. सकाळीं लिफ्ट नांगर उचलीत नाहीं, आणि दुपारीं उचललेला नांगर धरून ठेवीत नाहीं. पंप झिजला असें समजून तो खोलला जातो, पैसा खर्च होतो आणि वाफसा निघून जातो. पंप झिजलेला असूं शकतो, हें खरें. परंतु त्यास हात लावण्यापूर्वीं पेटींत तेल कोणतें आहे, हें पाहणें अगत्याचें आहे.

हॅरी फर्ग्युसन यांच्या पद्धतीचीं यंत्रें, म्हणजे १९४६ सालापासून कॉव्हेंट्री येथें तयार झालेला टी.ई.-२० आणि त्याच्याच वंशांतील मॅसी फर्ग्युसन ३५, यांची रचना पाहावी. हा वंश आपल्याकडे १९६० सालीं स्थापन झालेल्या चेन्नईच्या टॅफे कंपनीमार्फत गांवोगांवीं आला. या यंत्रांत गिअर, डिफरन्शियल आणि लिफ्टचा पंप हीं सर्व एकाच तेलांत बुडालेलीं असतात. तेल एक आणि धनी दोन, अशी ही स्थिति आहे. गिअरच्या दात्यांना अंगास चिकटून राहणारें दाट तेल मानवतें. पंपाला तेंच तेल बारीक जाळींतून ओढून घ्यावें लागतें. तेल फार दाट असल्यास पंप थंडींत उपाशी राहतो, घुरघुरतो, आणि तेलास फेंस येतो. फार पातळ असल्यास तापल्यावर तें पंपांतून व लिफ्टच्या सिलिंडरांतून निसटतें, व औजार धक्के देत खालीं येतें. म्हणून येथें मध्यम दाटपणाचेंच तेल पाहिजे. कांहीं ट्रॅक्टरांत लिफ्टचें तेल निराळ्या टाकींत असतें. तेथें दोन तेलें दोन जागीं घालावीं लागतात. आपलें यंत्र कोणत्या जातीचें, हें कारखान्याच्या मूळ पुस्तकावरून ठरवावें. दुकानदाराच्या तोंडावरून ठरवूं नये.

आंकड्यांचा घोटाळाहि पुष्कळांना फसवितो. गिअरतेलाचे अंक व इंजिनतेलाचे अंक या दोन वेगळ्या मापपट्ट्या आहेत. गिअरतेलाचा ९० हा इंजिनतेलाच्या ४० ते ५० च्या जवळ बसतो. ८० हा २० ते ३० च्या जवळ. पुस्तकांत ३० लिहिलें असतां ९० हा तिप्पट दाट, असें कांहीं नाहीं. तथापि तो दाट आहे खरा. आमच्याच यंत्रांत एका मिस्त्रीनें "जुन्या गिअरला जाड ऑईल बरें" म्हणून ९० नंबर भरलें. पौषांतल्या पहांटे अर्धा तास इंजिन चालविल्याखेरीज लिफ्ट हालेना. मूळचें तेल परत घालतांच ओरड थांबली. पेटीभर तेल वायां गेलें, तें वेगळेंच.

गिअरतेलाच्या डब्यावर जी.एल.-४ अगर जी.एल.-५ असेंहि लिहिलेलें असतें. जी.एल.-५ मध्यें अति दाब सोसण्याकरितां गंधक व स्फुरदयुक्त द्रव्यें अधिक असतात. तीं पोलादास उपकारक, पण तापल्यावर पितळी व कांशाच्या बुशांस खाऊं शकतात. जुन्या गिअरपेट्यांत असे बुश असतात. "मोठा आंकडा तो चांगला" हा हिशेब येथें लागूं पडत नाहीं.

हल्लीं यू.टी.टी.ओ. नांवाचें तेल मिळतें. तें गिअर, हायड्रॉलिक व तेलांत बुडालेले ब्रेक या तिन्हींसाठीं केलेलें असतें. ज्यांचे ब्रेक तेलांत आहेत, त्यांनीं दुसरा विचार करूं नये; साध्या गिअरतेलानें असे ब्रेक किंचाळतात व थरथरतात. जुन्या मॅसीचे ब्रेक चाकाजवळ कोरड्या ड्रमांत असतात, त्यांस या गुणाची गरज नाहीं. तरी दाटपणा पुस्तकाशीं जुळत असेल, तर तें घालण्यास आमची हरकत नाहीं. मात्र तें इंजिनांत घालूं नये. दोन्हींकडे चालणारें तेल एस.टी.ओ.यू. या नांवाचें असतें.

कोंकण-मावळांत भाताच्या चिखलणीनंतर पेटींत पाणी शिरण्याचा संभव फार. तेल दुधासारखें दिसूं लागल्यास शंका नको. थोडी शंका असेल, तर दुरून तापल्या तव्यावर दोन थेंब टाकावेत. पाणी असल्यास तें तडतडतें. असें तेल कामावरून आल्याबरोबर, गरम असतांनाच सोडावें, म्हणजे गाळहि त्यासंगें निघतो. जाळी काढून धुवावी. पेटींत रॉकेल भरून यंत्र चालविण्याची खोड मात्र सोडावी. पंपाला वंगण असतें तें याच तेलाचें, आणि रॉकेलावर फिरणारा पंप कोरडाच फिरतो.

नवें तेल भरतांना यंत्र सपाट जागीं उभें करावें आणि लिफ्टचे हात पूर्ण खालीं सोडावेत. नाहीं तर सिलिंडरांत अडकलेलें तेल मापांत येत नाहीं. खुणेच्या वर भरूं नये. फर्ग्युसन वंशाच्या यंत्रांत जादा तेल ॲक्सलच्या सीलवाटे ब्रेकच्या ड्रमांत उतरतें, आणि भरलेली ट्रॉली घाटांत असतां तें प्रथम कळतें.