मॉर्फीनचं बटण पेशंटच्या हातात

मोठ्या ऑपरेशननंतर काही पेशंटच्या हातात एक बटण दिलेलं असतं. दुखलं की दाबायचं. पंपातून साधारण १ मिलिग्रॅम मॉर्फीन थेट शिरेत जातं. जास्त झालं तर श्वास बंद पाडणारं औषध, आणि ते चक्क पेशंटच्या हवाली? मग धोका कसा टळतो?

एक बंदोबस्त यंत्रात आहे. डोस दिला की पंप सहसा ५ ते १० मिनिटं आतून कडी लावून घेतो. तेवढ्यात कितीही वेळा दाबा, थेंब सुटत नाही. पण वाया गेलेलं प्रत्येक दाबणं पंप टिपून ठेवतो. ती नोंद पाहिली की डॉक्टरांना कळतं, की पेशंटचं दुखणं अजून आटोक्यात आलेलं नाही.

खरी कमाल मात्र शरीराची! रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशी श्वास वाढवतात. मॉर्फीन त्यांची ही जाणीव बोथट करतं. पण श्वास धोक्याइतका मंदावण्याआधी बहुधा गुंगी येते. गुंगीतला माणूस बटण दाबेल कसा? डोस थांबतो आणि रक्तातलं औषध उतरू लागतं. अमेरिकी भूलतज्ज्ञ फिलिप सेक्झर यांनी मागणीनुसार डोस देणाऱ्या अशा यंत्रणेवरचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. झोपेलाच पहारेकरी करणारी ही रचना मला आजही थक्क करते.

ती मोडते कशानं? मायेनं! पेशंट झोपेत कण्हतो, जवळ बसलेल्या आईला राहवत नाही, ती बटण दाबते आणि पहारा उठतो. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेनं २००४ साली रुग्णालयांना नेमका हाच इशारा दिला होता. बटण फक्त पेशंटनंच दाबायचं, हे नातेवाइकांना कळकळीनं सांगायलाच हवं.

शिवाय सिस्टरची नजर असतेच. ती पेशंटला हलवण्याआधी पूर्ण मिनिटभर श्वास मोजते, कारण जागं होताच श्वास वाढतो आणि खरा आकडा हुकतो. मग ती त्याला बोलतं करते, गुंगी किती आहे ते पाहते. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर सगळी भिस्त ठेवून चालत नाही. नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल, तर श्वास मंदावूनही आकडा बराच वेळ चांगला दिसतो.

आणि तरीही गुंगी फार वाढली तर? नॅलोक्सोनचं इंजेक्शन! मेंदूतल्या ज्या जागांवर मॉर्फीन बसलेलं असतं, तिथून ते त्याला हुसकावतं आणि मिनिटा-दोन मिनिटांत श्वास सुधारू लागतो. मात्र त्याचा असर मॉर्फीनच्या आधी ओसरू शकतो. म्हणून पेशंट डोळे उघडून बोलू लागला, तरी पुढचे काही तास श्वास मोजणं चालूच राहतं.