बंडी घातलेला, पण उडता न येणारा भुंगेरा

शेतकरी बंधूंनो, भुंगेरा म्हटलं की आपल्या बारामती-इंदापूरच्या बागायत पट्ट्यात पहिली आठवण होते ती हुमणीची. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर भुंगेरे जमतात, जमिनीत अंडी घालतात आणि पुढे त्यांच्या अळ्या उसाच्या मुळ्या खातात. त्यामुळे मातीत कुठलाही किडा दिसला की पायाखाली चिरडायचा, ही आपली सवयच होऊन बसली आहे. पण त्याच मातीत भुंगेऱ्यांचं एक मोठं कुळ राहतं. त्यातले बहुतेक जण आपल्या पिकाचं काही खात नाहीत, उलट पीक खाणाऱ्यांनाच खातात. या कुळाला इंग्रजीत 'रोव्ह बीटल' आणि शास्त्रीय भाषेत 'स्टॅफिलिनिडी' म्हणतात. आपण त्याला आखूड पंखांचा भुंगेरा म्हणू.

ओळखायचा कसा?

हा भुंगेरा हुमणीसारखा गोल, जाडजूड नसतो. अंग लांबट, चपळ, पहिल्या नजरेला मुंगीसारखं किंवा वाळवीसारखं. पाठीवरची कडक झाकणं मात्र अर्धीच, जणू अंगरख्याऐवजी बंडी घातली आहे. बंडीखालचं पोट उघडं असतं आणि डिवचलं की तो विंचवासारखं शेपूट वर करतो. त्याची अळीही वेगळी. हुमणीची अळी पांढरी, जाड आणि इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वाकलेली असते, हातात घेतली तर तशीच पडून राहते. याची अळी सरळ, सडपातळ असते आणि ढेकूळ उलटलं की पळत सुटते. एवढा फरक ध्यानात ठेवला तरी शत्रू आणि मित्र वेगळे करता येतात.

जगात या कुळाच्या ६०,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या देशातल्या जातींचं मोठं काम माल्कम कॅमेरॉन यांनी केलं. त्यांचे ग्रंथ १९३० ते १९३९ या काळात प्रसिद्ध झाले. काही जाती मावा आणि लहान अळ्या खातात, काही शेणात व उकिरड्यात माशांची अंडी आणि अळ्या फस्त करतात, काही नुसत्या बुरशीवर जगतात. परदेशात 'डॅलोशिया' नावाची जात फुलकिड्यांचे जमिनीतले कोष खाण्यासाठी पॉलीहाऊसवाल्यांना चक्क विकत मिळते. आपल्याकडे असे राखणदार फुकट कामाला आहेत, पण त्यांची हजेरी कोणी घेत नाही.

पंख गेले कुठे?

यातले बरेच भुंगेरे उडतात. त्या आखूड बंडीखाली मोठे पंख घडी घालून ठेवलेले असतात. पण काही जातींचे आतले पंख पिढ्यान् पिढ्या आखूड होत गेले आणि शेवटी उडणंच बंद झालं.

असं का व्हावं? हिशेब साधा आहे. पंख आणि ते हलवणारे स्नायू सांभाळायला खाणं लागतं. जिथं ओलावा, पालापाचोळा आणि भक्ष्य वर्षानुवर्षं एकाच जागी मिळतं, तिथं उडायचं कशाला? तेच बळ अंडी घालायला कामी येतं. डोंगरमाथे, गुहा, बेटं, न हललेली माती अशा ठिकाणी हे जास्त दिसतं. चार्ल्स डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात मदिरा बेटांचा दाखला दिला आहे. तिथल्या ५५० जातींच्या भुंगेऱ्यांपैकी २०० जातींना उडता येत नव्हतं. चीनच्या डोंगररांगांत 'लॅथ्रोबियम' या वंशाच्या कितीतरी बिनउडत्या जाती अलीकडच्या काळात सापडल्या. त्यातल्या अनेक एखाद्याच डोंगरापुरत्या आहेत. शेजारचा डोंगर त्यांच्यासाठी परमुलूख!

इथेच खरी गोम आहे. ज्याला पंख आहेत, तो शेत पेटलं तर शेजारच्या बांधावर जाईल आणि पुढच्या हंगामात परत येईल. ज्याला पंख नाहीत, त्याचं जग म्हणजे तुमचा बांध, तुमचं पाचट, तुमच्या गावचं गायरान. ते गेलं की तो गेला. आणि ती जात दुसरीकडे कुठं नसेल, तर कायमची गेली.

नवी जात जाहीर होते कशी?

एखादा किडा वेगळा दिसला म्हणजे नवी जात ठरत नाही. अभ्यासक आधी तो गोळा करतो आणि गाव, तारीख, जागा चिठ्ठीवर लिहितो. मग सूक्ष्मदर्शकाखाली डोकं, बंडी, पंख आणि विशेषतः नराचं जननेंद्रिय तपासतो, कारण दिसायला सारख्या जाती बऱ्याचदा तिथंच वेगळ्या ठरतात. नंतर जुन्या संग्रहातल्या मूळ नमुन्यांशी ताडून बघतो. वेगळेपण पटलं की नाव ठेवून सविस्तर वर्णन प्रसिद्ध करतो. ज्या एका नमुन्यावर ते नाव उभं राहतं, त्याला 'होलोटाइप' म्हणतात. जमिनीच्या व्यवहारात जसा मूळ दस्त, तसाच हा. आणि दस्तावर जसं गावाचं नाव, तसं या नमुन्याच्या चिठ्ठीवरही गावाचं नाव कायम राहतं.

ही चिठ्ठी किती मोलाची, याचं एक उदाहरण सांगतो. डार्विनने १८३२ साली अर्जेंटिनात बाहिया ब्लांका इथं याच कुळातला एक भुंगेरा पकडला होता. तो संग्रहालयाच्या पेट्यांत पडून राहिला. शेवटी २०१४ साली तो नवी जात म्हणून जाहीर झाला. सापडल्यापासून नाव मिळेपर्यंत १८२ वर्षं गेली. संग्रहात जपलेला तो टिकला. बांधावरचा तोवर टिकेलच याची हमी कोण देणार?

ग्रामपंचायतीचं काम

आपल्या देशात जैविक विविधता कायदा २००२ साली झाला. त्याच्या कलम ३९ प्रमाणे नवी जात शोधणाऱ्याने नेमून दिलेल्या संस्थेला कळवून नमुना जमा करायचा असतो. प्राण्यांसाठी अशी संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. तिचं पश्चिम विभागीय केंद्र आपल्याच जिल्ह्यात, आकुर्डीला आहे. याच कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते.

सरपंच व सदस्य मंडळींनी ती वही एकदा कपाटातून काढून बघावी. झाडं, पक्षी, जनावरं बहुधा लिहिलेली असतील. कीटकांच्या पानावर काय आहे? सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य किंवा इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडीचं माळरान चिंकारामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. पण न नांगरलेली माती, दगडाखालचा ओलावा, गवताच्या मुळाशी कुजणारा पाला ही किड्यांचीही वतनं आहेत. गायरानाच्या वापराचा ठराव करताना हेही डोळ्यांपुढं असावं.

शेतकऱ्यांनी काय करावं?

१) पाचट पेटवू नका. एक हेक्टर उसातून ८ ते १० टन पाचट निघतं. पेटवलं तर सेंद्रिय खत जातं आणि त्याखाली राहणारे बिनउडते राखणदारही जातात. खोडव्यात पाचट पसरून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकावं.

२) हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी ७ ते ९ या वेळात प्रकाश सापळे लावून आणि झाडं हलवून गोळा करा, रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. उडणारा शत्रू दिव्यावर येतो, बिनउडता मित्र येत नाही. म्हणजे या उपायानं मित्र बचावतो. सरसकट जमिनीत कीटकनाशक ओतलं तर दोघंही मरतात.

३) एखादा बांध तरी न पेटवता, तणनाशक न मारता ठेवा.

४) हजेरी घ्यायची असेल तर प्लास्टिकचा पेला बांधालगत तोंड जमिनीच्या पातळीला येईल असा पुरा आणि सकाळी बघा. बघून झालं की किडे सोडून द्या.

एक सावधगिरी

याच कुळात नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा 'पेडेरस' नावाचा किडा आहे. त्याची आपल्याकडची नेहमीची जात उडते आणि पावसाळ्यात रात्री दिव्यावर येते. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला तर त्याच्या अंगातल्या विषारी रसानं कातडी भाजल्यासारखी होते. एक-दोन दिवसांत फोड उठतात. बरेच जण त्याला नागीण समजून भलतेच उपाय करत बसतात. अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा, चिरडू नका. रस लागलाच तर साबण-पाण्यानं लगेच धुवा. डोळ्याला लागला तर विनाविलंब दवाखाना गाठा. याच किड्यानं २०२२ साली सिक्कीममध्ये एका महाविद्यालयाच्या सुमारे शंभर विद्यार्थ्यांना त्रास झाला होता. तरीही शेतात तो मावा, तुडतुडे खाणारा मित्रच आहे. म्हणून उघड्या हातानं धरू नका आणि उगाच मारूही नका.

यंदा ऊस तुटून गेला की काडेपेटी काढण्याआधी पाचटाचा एक थर उचलून बघा. आखूड बंडीचा कोणी पळताना दिसला, तर जागा आणि तारीख लिहून ठेवा, जमल्यास फोटो काढा आणि नोंदवहीसाठी ग्रामपंचायतीकडं द्या. मूळ दस्ताची सुरुवात अशाच एका ओळीनं होते.