एकाच विद्यापीठाचं राज्य

वायोमिंग हे अमेरिकेतलं सर्वांत कमी लोकवस्तीचं राज्य. क्षेत्रफळ सुमारे 2 लाख 53 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून थोडंच लहान. पण 2020च्या जनगणनेत माणसं भरली 5 लाख 76 हजार 851. एकट्या सोलापूर शहरात याहून जास्त लोक राहतात. एवढ्या अफाट मुलखात सरकारी विद्यापीठ एकच, लॅरमी या गावातलं. माझ्या पुण्याच्या बहिणीने फोनवर विचारलं होतं, "अगं, एकच आहे तर निवडायचं काय त्यात?" बारावीनंतर तिच्या घरी कॉलेजांच्या कट-ऑफचे कागद टेबलभर पसरलेले असायचे. तिचा प्रश्न साहजिक होता. आमच्या घरी मात्र लेकीच्या शाळेच्या शेवटच्या वर्षात या निवडीखेरीज दुसरा विषय नव्हता.

आम्ही रिव्हर्टनला राहतो. वस्ती जेमतेम अकरा हजार. भोवताली विंड रिव्हर रिझर्वेशन, म्हणजे ईस्टर्न शोशोनी आणि नॉर्दर्न अरापाहो या दोन आदिवासी जमातींची राखीव भूमी. माझे यजमान डॉक्टर आहेत. बाहेरच्या देशांतून प्रशिक्षणासाठी आलेल्या बहुतेक डॉक्टरांना ते संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. त्यातून सूट हवी असेल, तर डॉक्टरांची चणचण असलेल्या भागात तीन वर्षं काम करायचं. आम्ही या वाटेने इथे आलो. तीन वर्षं संपली, आम्ही राहिलो.

लेकीला दगडांचं वेड लागलं ते विंड रिव्हर कॅन्यनमुळे. शोशोनी गावाहून थर्मोपोलिसला जाणारा रस्ता या दरीतून जातो आणि कड्यांच्या कडेला पाट्या लावलेल्या आहेत: या खडकाचं नाव काय, तो कोणत्या काळातला. मागच्या सीटवरून ती त्या मोठ्याने वाचायची. पुढे तिने भूशास्त्र शिकायचं ठरवलं, तेव्हा आमची निम्मी निवड झाली होती. विरळ वस्तीच्या राज्यात हा क्रम पाळावाच लागतो, असं माझं ठाम मत आहे. आधी विषय, मग कॉलेज. कारण इथे सगळे विषय मिळत नाहीत.

वायोमिंगमध्ये वैद्यकीय महाविद्यालय नाही, पशुवैद्यकीय नाही, दंतवैद्यकीयही नाही. इतक्या थोड्या लोकांसाठी ती चालवणं परवडत नाही, म्हणून राज्याने इतर राज्यांशी करार केले आहेत. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी वॉशिंग्टन, वायोमिंग, अलास्का, मोंटाना आणि आयडाहो या पाच राज्यांची एक योजना आहे. पाचही नावांची आद्याक्षरं जोडून तिला 'वामी' म्हणतात. पदवी सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाची, पण सुरुवातीचा अभ्यास लॅरमीत. वायोमिंगच्या वाट्याला वर्षाला वीस जागा. खर्चाचा मोठा भाग राज्य उचलतं आणि बदल्यात वायोमिंगमध्ये परतून तीन वर्षं रुग्णसेवा करावी लागते, नाहीतर पैसे परत. आमच्यासारख्या गावात डॉक्टर आणायला राज्याला काय काय करावं लागतं, ते आम्ही घरातच पाहिलं आहे. त्यामुळे ही अट मला न्याय्य वाटते.

दुसरा करार पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी. पश्चिमेकडच्या राज्यांतला विद्यार्थी त्यांपैकी दुसऱ्या राज्यातल्या सहभागी कॉलेजात गेला, तर त्याला परराज्याची भरमसाट फी लागत नाही; स्थानिक फीच्या जास्तीत जास्त दीडपट लागते. पण कोणत्या विषयाला आणि किती जणांना ही सवलत द्यायची, ते प्रत्येक कॉलेज ठरवतं. नुसतं नाव यादीत दिसलं म्हणून भरवसा ठेवू नये. आपला विषय त्यात बसतो का, हे प्रवेश कार्यालयाकडून लेखी मागून घ्यावं.

पैशांची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण इथे ती थेट जमिनीतून येते. शिक्षण शक्य तितकं मोफत असावं, असं वायोमिंगच्या राज्यघटनेत विद्यापीठाबद्दल लिहिलेलं आहे. विद्यापीठ 1886मध्ये स्थापन झालं, वायोमिंगला राज्याचा दर्जा मिळाला 1890मध्ये. राज्याआधी विद्यापीठ! आजही स्थानिक विद्यार्थ्यांची फी अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत अगदी कमी म्हणावी अशी आहे. शिवाय 2005 साली विधिमंडळाने माजी गव्हर्नर स्टॅनली हॅथवे यांच्या नावाने शिष्यवृत्तीसाठी 40 कोटी डॉलरचा कायमचा निधी उभारला. हा पैसा खनिजांच्या स्वामित्वधनातून आला. देशातला सुमारे चाळीस टक्के कोळसा वायोमिंगमध्ये निघतो.

या शिष्यवृत्तीला मुलाखत नाही, निबंध नाही, वशिला तर नाहीच. शाळेत ठरवून दिलेले विषय घ्यायचे, सरासरी गुण राखायचे आणि कॉलेजप्रवेशाच्या एसीटी परीक्षेत ठरावीक गुण मिळवायचे. वरच्या श्रेणीसाठी 4 पैकी 3.5 सरासरी आणि एसीटीत 36 पैकी 25, खाली उतरत उतरत 2.5 आणि 17 पर्यंत. अकरावीच्या मुलांना सरकारी शाळेत ही परीक्षा फुकट देता येते. मेंढपाळाच्या मुलाला आणि डॉक्टरच्या मुलीला नियम एकच. रक्कम वापरता येते ती फक्त लॅरमीच्या विद्यापीठात किंवा राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांत. मुलं राज्यात राहावीत हा हेतू उघड आहे.

एक बोच मात्र आहे. शिष्यवृत्तीसाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. माझी लेक इथे जन्मली, तिला ती मिळाली. ओळखीतल्या एका मराठी कुटुंबातला मुलगा लहानपणी आईवडिलांच्या व्हिसावर आला, इथल्याच शाळेत तिच्याहून जास्त गुण घेऊन उत्तीर्ण झाला, पण तो त्या यादीत बसत नाही. भारतीयांच्या ग्रीन कार्डची रांग इतकी लांब आहे की मुलं एकवीस वर्षांची होऊन आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात. ज्या राज्याला तरुण माणसं हवी आहेत, त्याने अशा मुलांसाठी दार उघडायला हवं. हे मी आमच्या आमदारांनाही लिहून कळवलं आहे.

कम्युनिटी कॉलेजांकडे भारतीय पालक नाक मुरडतात, ते मला मुळीच पटत नाही. आमच्या गावात सेंट्रल वायोमिंग कॉलेज आहे. कॅस्पर, शेरिडन, पॉवेल, रॉक स्प्रिंग्ज, शायान, टॉरिंग्टन इथेही अशी कॉलेजं आहेत, आणि 2021मध्ये मतदारांनी कौल देऊन जिलेटचं आठवं कॉलेज स्वतंत्र केलं. दोन वर्षं घरी राहून इथे शिकायचं आणि उरलेली दोन लॅरमीला, असा सरळ मार्ग आहे. विषयांचे क्रमांक राज्यभर सामाईक असल्याने शिकलेलं फुकट जात नाही. शाळेत असतानाच तिथले वर्गही घेता येतात. लेकीने गणित आणि इंग्रजी असंच आधी उरकलं. शेजारच्या रॅंचवरचा तिचा वर्गमित्र पशुवैद्य होऊ पाहतो. वासरं जन्मायच्या दिवसांत त्याला घर सोडता येत नाही. त्याने दोन वर्षं इथेच काढायचं ठरवलं, आणि मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटला.

आता अंतर. रिव्हर्टन ते लॅरमी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत जेफ्री सिटी लागतं. युरेनियमच्या खाणीवर वसलेलं हे गाव भाव कोसळल्यावर ऐंशीच्या दशकात ओस पडलं. खनिजाच्या पैशावर चालणाऱ्या राज्यातल्या मुलांनी ते थांबून पाहावं. पुढे रॉलिन्सनंतर आंतरराज्य महामार्ग 80 लागतो. हिवाळ्यात एल्क माउंटनजवळ वारा इतका पिसाट असतो की ट्रक आडवे होतात आणि रस्ता बंद करतात. सुट्टीला घरी यायचा बेत आदल्या रात्री बदलतो. लॅरमी स्वतः समुद्रसपाटीपासून सुमारे 7,200 फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून पावणेदोन हजार फूट उंच. दम लागतो, त्वचा फुटते, एप्रिलमध्येही बर्फ पडतो. मुलांना हे सोसेल का, याचा विचार रँकिंगच्या आधी करावा.

दुसरी काळजी वेगळं असण्याची. लॅरमीचं नाव जगाला कळलं ते 1998मध्ये, मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याच्या हत्येमुळे. द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांविरुद्धच्या 2009च्या केंद्रीय कायद्याला त्याचं नाव आहे. आम्ही हे लेकीपासून लपवलं नाही. विद्यापीठ पाहायला गेलो तेव्हा तिने तिथल्या मुलामुलींना थेट विचारलं, इथे एकटं वाटतं का? काहींनी हो म्हटलं, काहींनी नाही. ती उत्तरं माहितीपुस्तकात मिळाली नसती.

कोलोरॅडोतल्या गोल्डनची स्कूल ऑफ माइन्स तिच्या मनात होती. संस्था नामांकित, पण परराज्याची फी लॅरमीच्या कितीतरी पट. मग लॅरमीच्या भूशास्त्र संग्रहालयाबाहेर तांब्याच्या पत्र्याने मढवलेला टिरॅनोसॉरस पाहिला, सॅम्युएल नाइट या तिथल्याच प्राध्यापकांनी घडवलेला. आत अपाटोसॉरसचा भलामोठा सांगाडा. पहिल्या वर्षाच्या मुलांना क्षेत्रभेटीला कोण नेतं, असं तिने विचारलं. प्राध्यापक स्वतः नेतात, हे कळलं. तिने लॅरमी निवडलं. पदवीनंतर तिला हवं तिथे जाता येईल, आणि डोक्यावर कर्ज नसेल.

महाराष्ट्रातून मुलांना अमेरिकेत पाठवू पाहणाऱ्या पालकांना माझं सांगणं आहे. कॅलिफोर्निया आणि टेक्सासच्या पलीकडे मोंटाना, आयडाहो, वायोमिंगकडेही पाहा. मुलाच्या विषयाचा विभाग तिथे आहे का, पहिल्या वर्षाला कोण शिकवतं, शिष्यवृत्तीला व्हिसाची आडकाठी आहे का, हे लेखी विचारा. तिथे शिकणाऱ्या एखाद्या भारतीय विद्यार्थ्याशी बोला, आणि शक्यतो फेब्रुवारीत बोला, ऐन हिवाळ्यात.