बॅटरीची नाडी

वीज गेली, इन्व्हर्टर सुरू झाला आणि अर्ध्या तासातच टीं-टीं करून बंद पडला, की घरात चर्चा सुरू होते : बॅटरी गेली की काय? कोणीतरी मल्टिमीटर आणून लावतो. आकडा दिसतो १२.५ व्होल्ट. मग बॅटरी ठणठणीत आहे असे समजायचे का? विद्यार्थी मित्रांनो, तसे मुळीच समजू नका. का, ते ओमच्या नियमावरूनच कळेल.

व्होल्टमीटर बॅटरीतून जवळजवळ प्रवाह घेतच नाही. खरी परीक्षा प्रवाह ओढला जातो तेव्हा होते. मोटारीच्या चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१ ओहम धरू. स्टार्टरने १५० अँपिअर प्रवाह ओढला, तर १.५ व्होल्ट बॅटरीच्या आतच खर्च होतात आणि बाहेर ११ व्होल्ट मिळतात. बॅटरी जुनी होऊन रोध ०.०५ ओहम झाला, तर साडेसात व्होल्ट आतच जिरतात. उरलेल्या पाच व्होल्टांत स्टार्टर नुसता ‘खट्’ करून गप्प बसतो. म्हणून व्होल्टता मोजायची ती दिवे किंवा पंखा चालू ठेवून.

परंतु या बॅटरीची नाडी पाहण्याचे आणखी एक साधन आहे, आणि मला ते जास्त आवडते. १८५९ साली गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात ठेवून हा घट तयार केला. यातील आम्ल नुसते प्रवाह वाहून नेत नाही. ते स्वतःच अभिक्रियेत भाग घेते. बॅटरी वापरताना शिशाच्या व शिसे-डायऑक्साइडच्या, अशा दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट बनते, आम्ल खर्च होते आणि पाणी तयार होते. साहजिकच द्राव पातळ होतो. पूर्ण भारित घटात त्याचे विशिष्ट गुरुत्व १.२५ ते १.२८ असते, बॅटरी उतरली की ते १.१५ च्या आसपास येते. रबरी फुगा असलेल्या काचेच्या नळीतला छोटा तरकाटा एवढेच हे साधन! थोडा द्राव ओढून घ्या, तरकाटा मोकळा तरंगू द्या, डोळा द्रावाच्या पातळीत आणून आकडा वाचा आणि द्राव त्याच घटात परत सोडा. (झाकणे न उघडणाऱ्या बंद बॅटऱ्यांना ही तपासणी लागू नाही. त्या उघडण्याचा खटाटोप करू नये.)

उतरलेली बॅटरी तशीच ठेवली, तर सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि पुन्हा भारित करताना विरघळत नाहीत. अनेक बॅटऱ्या अशा हयगयीने मरतात.

पातळी खाली गेली की काहीजण ‘जोर यावा’ म्हणून आम्ल घालतात. ही चूक आहे. उडून जाते ते पाणी, आम्ल आतच राहते. म्हणून घालायचे ते फक्त ऊर्ध्वपातित पाणी. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यातील क्षार पट्ट्यांचे नुकसान करतात. तेही बॅटरी भारित झाल्यावर घालावे, कारण भारित होताना पातळी चढते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडण्यापुरतेच आधी घालावे.

हे पाणी जाते कोठे? काही वाफ होऊन जाते. पण पूर्ण भारित बॅटरीत प्रवाह सोडतच राहिलो, तर पाण्याचे अपघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन निघतात. आता फॅरडेच्या नियमाने हिशेब करू. २६.८ अँपिअर-तासांत एका घटातून १ ग्रॅम हायड्रोजन निघतो. सहा घटांच्या बॅटरीतून ५ अँपिअरचा सारा प्रवाह तासभर या कामी लागला, तर सुमारे १.१ ग्रॅम, म्हणजे खोलीच्या तापमानाला जवळजवळ १४ लीटर हायड्रोजन! जिन्याखालच्या ३०० लीटरच्या बंद कपाटात त्याचे प्रमाण चार टक्क्यांच्या वर जाईल. आणि हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो. ठिणगी पुरते. म्हणून बॅटरी हवेशीर जागी ठेवा, पातळी पाहायला काडी कधीही ओढू नका, आणि चार्जरचे चिमटे काढण्यापूर्वी त्याचे बटण बंद करा.

दुसरी भीती पान्याची. दोन्ही टोकांना पाना एकदम टेकला, तर ०.०१ ओहमच्या हिशेबाने हजाराहून अधिक अँपिअर प्रवाह वाहू शकतो. अंगठी, बांगडी, धातूचा घड्याळपट्टा आधी उतरवा. मोटारीत ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असेल, तर तेच आधी सोडवा; मग धन टोक सोडवताना पाना सांगाड्याला लागला तरी मंडल पुरे होत नाही.

ही तपासणी शिक्षकांच्या किंवा जाणत्या वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच करा. डोळ्यांवर चष्मा व हातांत रबरी मोजे हवेतच. आम्ल डोळ्यांत उडाले, तर वाहत्या पाण्याने निदान १५-२० मिनिटे डोळे धुवावेत व लगेच डॉक्टरांकडे जावे. खाण्याचा सोडा जमिनीवर सांडलेल्या आम्लासाठी आहे, डोळ्यांसाठी नव्हे.

एका वहीत सहा घटांचे सहा रकाने आखा आणि दरमहा, बॅटरी पूर्ण भारित करून, आकडे लिहा. पाणी घातल्यावर लगेच मोजू नका; ते मिसळायला वेळ लागतो. पाच घट १.२६ दाखवतात आणि एकच १.१९ वर अडून बसतो, असे दिसले, तर सबंध बॅटरी उतरलेली नाही, तो एक घट बिघडला आहे. मल्टिमीटरच्या त्या एका आकड्यात हे कधीच दिसले नसते.